चार हुकमाचे एक्के आणि रिकामा खिसा: हॉकीची सॅलरी कॅप सांभाळायची कशी?

बर्फातला_बोका | १४ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

मंडळी, आधीच सांगतो, हा धागा रडगाण्याचा आहे.

मिसिसागात आमचा दहा जणांचा कंपू आहे. दरवर्षी एनएचएलची (इथली बर्फावरच्या हॉकीची व्यावसायिक लीग) फँटसी लीग खेळतो, म्हणजे खऱ्या खेळाडूंचे आपण बांधलेले कागदी संघ. यंदा एका शहाण्याने (तो मीच) सुचवलं की खरी सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा) लावू, म्हणजे संघ बांधणाऱ्या खऱ्या जनरल मॅनेजरसारखी (जीएम) मजा येईल. नियम साधे. संघात २० जण: १२ फॉरवर्ड, ६ डिफेन्समन, २ गोली (गोलरक्षक). प्रत्येकाचा खऱ्या करारातला कॅपचा आकडा धरायचा आणि बेरीज यंदाच्या ९५.५ मिलियन डॉलरच्या आत बसवायची. त्यात ही कीपर लीग, म्हणजे घेतलेला खेळाडू पुढच्या वर्षीही आपल्याच गळ्यात.

ड्राफ्टच्या (खेळाडू वाटून घेण्याच्या) रात्री बाकीचे महागड्यांना हातच लावत नव्हते. मला वाटलं, येडे आहेत सगळे. मी मॅकडेव्हिड (१२.५ मिलियन) उचलला, ड्रायसायटल (१४) उचलला, मॅथ्यूज (१३.२५), मॅकिनन (१२.६), वर मकार (९). गोली म्हणून बॉब्रोव्स्की (१०). घरी येऊन बायकोला यादी दाखवली, तीसुद्धा म्हणाली वा!

मग बेरीज केली. सहा जणांचे ७१.३५. उरले २४.१५ आणि माणसं घ्यायची अजून १४. डोकी १.७ मिलियन. एनएचएलमध्ये किमान पगारच ७ लाख ७५ हजार आहे. म्हणजे माझे तिसऱ्या-चौथ्या फळीतले खेळाडू असे आहेत की त्यांच्या आईलाही ते टीव्हीवर शोधावे लागतात. सध्या दहांपैकी नववा आहे. दहावा आहे तो लॉगिनचा पासवर्ड विसरलाय.

जाणकारांनी सांगावं, खरे जीएम हे कसं जमवतात? आणि आता मी काय विकू?

---

खडकीकर | १४ नोव्हेंबर, रात्री १०:०५

हॉकी म्हटल्यावर धावत आलो, इथे तर बर्फ निघाला. :)

आमच्या हॉकीतही कॅप आहे बरं का. हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत लिलाव झाला. पुरुषांच्या प्रत्येक संघाला ४ कोटी रुपये आणि त्यात २४ खेळाडू. हरमनप्रीत सिंगला सूरमा क्लबने ७८ लाखांना घेतला. म्हणजे उरलेल्या २३ जणांना ३ कोटी २२ लाख. त्रैराशिक मांडा, तुमचंच दुखणं आहे, फक्त शून्यं कमी.

अवांतर: आमच्या खडकीच्या धनराज पिल्लेच्या उमेदीत असा लिलाव असता तर किती बोली गेली असती, हा विचार करून आजही जीव हळहळतो.

---

खतावणी | १४ नोव्हेंबर, रात्री ११:३०

बोकोबा, धंद्याने सीए आणि वास्तव्याने ओटावाकर असल्याने हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. लांब लिहितोय, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट म्हणजे डॉलर बघणं सोडा, टक्का बघा. खडकीकरांनी नकळत फार चांगलं उदाहरण दिलंय. ७८ लाख म्हणजे ४ कोटींचे साडेएकोणीस टक्के. आयपीएलमध्ये ऋषभ पंत २७ कोटींना गेला तेव्हा संघाची थैली १२० कोटींची होती, म्हणजे साडेबावीस टक्के. एनएचएलमध्ये मात्र नियमच आहे की एका खेळाडूला कॅपच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. यंदाच्या हिशेबाने १९.१ मिलियन. आणि त्या छताला कोणी डोकंही लावत नाही. तुमचा ड्रायसायटल १४ चा, म्हणजे १४.७ टक्के.

आता हे छत येतं कुठून? २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक-खेळाडूंच्या भांडणात रद्द झाला आणि त्यातून ही कॅप जन्मली. पहिल्या वर्षी ३९ मिलियन होती. हॉकीतून जो महसूल येतो त्याचा ठरलेला वाटा खेळाडूंचा, २०१३ पासून तो निम्मा-निम्मा आहे. करारांची बेरीज त्या निम्म्याच्या वर गेली तर? त्यासाठी प्रत्येकाच्या पगारातून आधीच थोडी रक्कम कापून बाजूला ठेवतात, तिला एस्क्रो म्हणतात. वर्षअखेर हिशेब होतो, जास्त कापलं असेल तर परत. आपल्या टीडीएससारखंच, आणि खेळाडूही त्याच्या नावाने तसेच बोटं मोडतात.

दुसरी गोष्ट, कॅपमध्ये धरला जातो तो त्या वर्षीचा पगार नव्हे, कराराची सरासरी. आठ वर्षांचे १०० मिलियन, मग पहिल्या वर्षी १५ द्या नाहीतर १०, कॅपवर दरवर्षी १२.५ च. मॅकडेव्हिडने २०१७ मध्ये सही केली तो हाच करार. तो सुरू झाला तेव्हा कॅप ७९.५ होती, म्हणजे त्याचा भार १५.७ टक्के. आज तेच १२.५ फक्त १३.१ टक्के भरतात. गेल्या महिन्यात त्याने त्याच १२.५ वर अजून दोन वर्षांची सही केली. पुढच्या वर्षी कॅप १०४ आणि त्यापुढे ११३.५ जाहीर झाली आहे. २०२७-२८ मध्ये जगातला सर्वोत्तम खेळाडू ११ टक्क्यांत! याला विकायचा विचार मनात आला तरी तोंड धुवून या.

---

मिनेसोटाची_माई | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

खतावणी, कॅप वाढते तेव्हा सगळे करार गोड लागतात हो. आम्हाला विचारा.

४ जुलै २०१२. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, आमच्याकडे अंगणात मक्याची कणसं भाजत होतो, आणि बातमी आली: झॅक परीझे आणि रायन सूटर, दोघेही मिनेसोटा वाइल्डमध्ये. प्रत्येकी १३ वर्षं, ९८ मिलियन. शेजारच्या आजोबांनी मला मिठी मारली, ज्यांनी आधीच्या सहा वर्षांत फक्त बर्फ कुठे टाकायचा एवढंच विचारलं होतं.

नऊ वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, क्लबने दोघांनाही पैसे देऊन मोकळं केलं. खेळाडू गेले, पण कॅपवरचा भार राहिला. दोन हंगाम तर जवळपास पावणेपंधरा मिलियन अशा दोघांसाठी जात होते जे आमच्याकडे खेळतच नव्हते! तेव्हाची कॅप ८३.५ आणि ८८. म्हणजे दुसऱ्यांनी शंभरात घर चालवायचं आणि आम्ही त्र्याऐंशीत. तरी पोरांनी प्लेऑफ (हंगामानंतरची बाद फेरी) गाठली, फक्त २०२४ मध्ये हुकली. पण फेरी एकही जिंकली नाही.

मला आजतागायत कळलेलं नाही की माणूस काढून टाकल्यावर भार वाढतो कसा. कोणी सीए असेल तर सांगा. ;)

---

खतावणी | १५ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

माई, आव्हान स्वीकारलं.

बायआउटचा (पैसे देऊन करार मोडण्याचा) नियम असा की उरलेल्या पगाराच्या दोन तृतीयांश रक्कम (वय २६ च्या आत असेल तर एक तृतीयांश) उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात द्यायची. त्या दोघांच्या करारात गंमत होती. सुरुवातीची दोन वर्षं १२-१२ मिलियन, मग ११, मग ९ ची रांग, आणि शेवटी २, १, १. म्हातारपणी पगार नावापुरता, कारण तेव्हा ते निवृत्त होतील असा सगळ्यांचा होरा. सरासरी मात्र दरवर्षी ७.५३८.

२०२१ मध्ये प्रत्येकाचे उरले होते ६ + २ + १ + १ = १० मिलियन. त्याचे दोन तृतीयांश ६.६७, आठ वर्षांत वाटले की वर्षाला ०.८३३. आता कॅपवर काय लागतं? मूळ ७.५३८, वजा त्या वर्षी क्लबचा खरोखर वाचलेला पगार. पहिल्या वर्षी पगार ६ होता, वाचले ५.१७, म्हणून भार फक्त २.३७. पण २०२३-२४ मध्ये पगारच १ मिलियन होता, वाचले किती? जेमतेम १७ सेंट... म्हणजे ०.१६७ मिलियन. भार ७.३७. गुणिले दोन. झाले तुमचे १४.७४.

थोडक्यात, करार लिहिताना जी चलाखी केली तीच उलटली. २०२८-२९ पर्यंत दोघांचे मिळून १.६७ अजून निघत राहणार आहेत, पण ९५.५ मध्ये ते चिल्लर.

---

मिनेसोटाची_माई | १५ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

धन्यवाद. चार वर्षांत पहिल्यांदा समजलं, आणि आता जास्तच राग आलाय.

आता कप्रीझोव्हला आठ वर्षांचे १३६ मिलियन दिलेत. वर्षाला १७. पुढच्या वर्षापासून. बघू आजोबा मिठी मारतात का.

---

कोथरूडचा_पांढरा | १५ नोव्हेंबर, सकाळी ११:००

हॉकीतलं ओ की ठो कळत नाही, पण धागा थरारक आहे. चालू द्या.

---

निळं_रक्त | १५ नोव्हेंबर, दुपारी १२:४५

बोका, तू नकळत माझ्या टोरंटो मेपल लीफ्सचा संघ बांधलायस. त्यामुळे आता कोणीतरी येऊन लीफ्सच्या नावाने शंख करणार, त्याआधीच बाजू मांडतो.

२०१८ मध्ये टवारेस आला, ७ वर्षं, वर्षाला ११. मग मॅथ्यूज ११.६३४, मार्नर १०.९०३, नायलँडर ६.९६. चौघांचे ४०.५. त्या वेळी सगळ्यांना वाटत होतं कॅप दरवर्षी चढणार. २०१९-२० ला ८१.५ झाली आणि मार्चमध्ये कोविड. मग तो हंगाम धरून तीन हंगाम ८१.५ वरच गोठली, पुढची दोन वर्षं एकेक मिलियनने सरकली. चार फॉरवर्ड, अर्धी कॅप! महामारी येणार हे जीएमच्या पत्रिकेत लिहिलं होतं का?

---

खतावणी | १५ नोव्हेंबर, दुपारी १:३०

महामारी सगळ्या ३१ संघांना आली होती.

त्याच काळात बॉस्टनकडे बर्जरॉन ६.८७५, मार्शंड ६.१२५, पास्तरनाक ६.६६७. जगातली एक नंबरची फळी, तिघांचे मिळून २० च्या आत. कोलोरॅडोत मॅकिनन २०१६ साली केलेल्या ६.३ च्या करारावर खेळत होता आणि २०२२ चा स्टॅनली कप (एनएचएलचं विजेतेपद) त्यावरच जिंकला. कॅपच्या पावणेआठ टक्क्यांत! कप जिंकणाऱ्या संघांकडे नीट बघा, प्रत्येकात कोणीतरी आपल्या लायकीच्या निम्म्या पैशात खेळत असतो. टोरंटोत चौघांतले तिघे पूर्ण किंमत वाजवून घेत होते. आणि टवारेसला घ्यायची सक्ती कोणी केली होती? नाकापेक्षा मोती जड.

---

निळं_रक्त | १५ नोव्हेंबर, दुपारी १:५२

ओटावात राहून लीफ्सवर बोलताय, म्हणजे निष्पक्षपाती असालच. मागच्या वसंतात पहिल्या फेरीत कोणी कोणाला घरी पाठवलं ते आठवतंय ना?

आणि कराचं कोणी का बोलत नाही? फ्लोरिडात राज्याचा आयकर शून्य. ऑन्टारिओत वरच्या टप्प्याला साडेत्रेपन्न टक्के. कॅप करआधीच्या पगारावर मोजतात. बार्कोव्ह फ्लोरिडात १० वर सही करतो, राइनहार्ट ८.६२५ वर. तेवढंच हातात पडायला आमच्याकडे किती द्यावे लागतील? माझी स्वतःची पेस्लिप बघितली तरी मला मार्नरची बाजू पटते. तोही शेवटी व्हेगासला गेलाच, १२ वर.

---

खतावणी | १५ नोव्हेंबर, दुपारी २:१०

कराचा मुद्दा मान्य. पहिल्या फेरीचा मुद्दा विषयाला सोडून आहे, म्हणून दुर्लक्ष करतो. पण दुसऱ्या फेरीत फ्लोरिडाने सातव्या सामन्यात तुमच्या घरी ६-१ ने काय केलं तेही विषयाला सोडूनच आहे, नाही का?

---

तेलकट_एडमंटन | १५ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

भांडा भांडा. तोवर मी एक दुसरीच पोट दुखवणारी गोष्ट सांगतो. महाग खेळाडू कॅप खातात हे सगळ्यांना दिसतं, पण त्यांच्यामुळे स्वस्त खेळाडू कसे निसटतात ते दिसत नाही.

जून २०२४, आमचे एडमंटन ऑइलर्स अंतिम फेरीत सातवा सामना हरले. १ जुलैला जीएमनी अनुभवी माणसं भरली, आर्विडसन ४ मिलियन, स्किनर ३ मिलियन. कॅप काठोकाठ. ब्रोबर्ग आणि होलोवे ही आमचीच दोन कोवळी पोरं, करार संपलेला, पण हक्क आमचे. अशांना दुसरा संघ ‘ऑफर शीट’ देऊ शकतो. मूळ संघाला सात दिवस: तेवढेच पैसे द्या आणि ठेवा, नाहीतर ड्राफ्टमधली (नव्या पोरांच्या वार्षिक वाटपातली) निवड भरपाई म्हणून घ्या आणि सोडा.

एरवी जीएम लोक एकमेकांना असं करत नाहीत, शिष्टाचार म्हणून. पण ऑगस्टमध्ये सेंट लुईसने एकाच दिवशी दोघांना शीट पाठवली. ब्रोबर्गला ४.५८, होलोवेला २.२९. आकडे काय मोजून-मापून! ब्रोबर्गचा आकडा असा की भरपाई फक्त दुसऱ्या फेरीची एक निवड, अजून थोडा वर गेला असता तर जास्त द्यावं लागलं असतं. होलोवेसाठी तिसऱ्या फेरीची. आमच्याकडे जागा नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. सात दिवस आम्ही बोटं मोजत बसलो आणि दोघेही गेले.

होलोवेने पुढच्याच हंगामात २६ गोल आणि ६३ गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) केले. २.२९ मध्ये.

तेव्हा बोका, तुमच्या लीगमध्ये ऑफर शीटचा नियम असेल तर दारं-खिडक्या लावून झोपा.

---

बर्फातला_बोका | १५ नोव्हेंबर, सायंकाळी ६:००

नियम नाहीये, पण आमच्यातला एक जण हा धागा वाचतो. एडमंटनवाले, कृपया त्याला कल्पना देऊ नका.

---

नेपरविलचा_नाना | १५ नोव्हेंबर, रात्री ८:२०

ऑफर शीट आणि शिकागो, हा माझा हक्काचा किस्सा आहे. जरा मागे चला, जून २०१०. पॅट्रिक केनचा ओव्हरटाइममधला गोल, पक (खेळायची चकती) नेटमध्ये कुठे अडकली ते कोणालाच दिसेना, एकटा केन हातमोजे फेकत पळत सुटला. १९६१ नंतरचा पहिला कप. मिरवणुकीचे कागदी कपटे झाडून व्हायच्या आत संघ मोडायला सुरुवात झाली.

का? एक तर केन, टेव्झ, कीथ तिघांचे नवे महाग करार त्याच उन्हाळ्यापासून सुरू होत होते. दुसरं, तरुण खेळाडूंचे कामगिरीवरचे बोनस. ते त्या वर्षी कॅपमध्ये मावले नाहीत की पुढच्या वर्षीच्या कॅपमधून वजा होतात. चांगले खेळलात म्हणून दंड! तिसरं कारण मला सगळ्यात आवडतं. २००९ च्या उन्हाळ्यात क्लबने आपल्याच तरुण खेळाडूंना द्यायच्या ऑफर मुदतीत दिल्या नाहीत. कागद उशिरा गेले. खेळाडू मोकळे सुटण्याची वेळ आली, मग त्यांना गप्प करायला चढे करार द्यावे लागले. वर्स्टीग आणि बार्कर, दोघेही ३ मिलियनच्या वर. टपालाच्या उशिरापायी एवढे पैसे गेले ते मी तरी दुसरीकडे पाहिले नाहीत. त्याच उन्हाळ्यात जीएम बदलला.

मग काय, बफलिन, सोपेल, ईगर, लॅड अटलांटाला. वर्स्टीग टोरंटोला. आणि वर सॅन होजेने आमच्या याल्मारसनला ऑफर शीट दिली, ४ वर्षं १४ मिलियन. आम्ही तेवढे देऊन ठेवला. पण त्यामुळे कप जिंकून देणारा गोली नीमी, त्याला लवादाने २.७५ दिले, ते द्यायला पैसेच उरले नाहीत. सोडला. आणि नीमी गेला कुठे? सॅन होजेलाच.

पण बोका, मुद्दा असा की शिकागोने गाभा ठेवला. टेव्झ, केन, कीथ, सीब्रूक, होसा, शार्प, याल्मारसन. बाकी सगळं विकलं, आणि २०१३ व २०१५ ला पुन्हा जिंकले. कोणाला ठेवायचं हे ज्याला कळतं त्याला बाकीचे परवडतात.

---

तेलकट_एडमंटन | १५ नोव्हेंबर, रात्री ८:४५

नाना, १००% सहमत. पुढे टेव्झ-केनला १०.५-१०.५ दिले त्यावर मात्र तुम्ही सोयीस्कर मौन पाळलंय.

---

नेपरविलचा_नाना | १५ नोव्हेंबर, रात्री ८:५०

तीन कप. त्यानंतर माणसाने मौनच पाळायचं असतं.

---

रिंकवरची_आई | १६ नोव्हेंबर, सकाळी ५:३५

मुलाला पहाटेच्या सरावाला सोडून गाडीत बसून वाचतेय, बाहेर उणे नऊ.

मला एक शंका. आमच्या प्रशिक्षकांनी परवा टॅम्पा संघाचं नाव काढलं आणि सगळे बाबालोक एकमेकांच्या अंगावर धावले. कॅपपेक्षा १८ मिलियन जास्त असूनही कप कसा जिंकला म्हणे?

---

निळं_रक्त | १६ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

ताई, कारण ती चोरी होती.

---

खतावणी | १६ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

चोरी नव्हती, पळवाट होती. लीगने चौकशी केली आणि काही वावगं सापडलं नाही.

नियम असा. खेळाडू दीर्घ काळ जायबंदी असेल (किमान १० सामने आणि २४ दिवस) तर त्याच्या भाराएवढं संघाला कॅपच्या वर जाता येतं. नाहीतर बदली कुठून आणणार? पण कॅप मोजली जायची नियमित हंगामात. प्लेऑफमध्ये कॅपच नव्हती. टॅम्पाच्या कुचेरोव्हची डिसेंबर २०२० मध्ये कमरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया झाली. ९.५ मिलियनचा खेळाडू. कोविडमुळे उशिरा सुरू झालेला ५६ सामन्यांचा अख्खा हंगाम तो बाहेर होता. प्लेऑफच्या पहिल्याच सामन्याला मैदानात हजर, आणि शेवटी ३२ गुणांसह सगळ्यांच्या पुढे. विजयाच्या जल्लोषात ‘१८ मिलियन वर’ असं छापलेला टी-शर्टही घातला. जखमेवर मीठ कसं चोळावं याचा वस्तुपाठ.

२०१५ ला शिकागोचा केन (नाना, मौन!), २०२३ ला व्हेगासचा मार्क स्टोन, गेल्या हंगामात फ्लोरिडाचा मॅथ्यू कचक. सगळ्यांनी खरंच दुखापती सोसल्या, पण वेळ मात्र मोठी सोयीची साधली. अखेर यंदापासून प्लेऑफमध्येही कॅप लागू झाली. त्या सामन्यात उतरणाऱ्या २० जणांची बेरीज कॅपच्या आत हवी.

---

रिंकवरची_आई | १६ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

समजलं. आता पुढच्या वेळी बाबालोकांना मी सांगते.

---

खडकीकर | १६ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

आणि गोलीचं काय? आमच्याकडे श्रीजेशच्या जोरावर दोन ऑलिंपिक पदकं आली. बोकोबांनी गोलीला १० दिलेत, ते बरोबर की चूक?

---

नेपरविलचा_नाना | १६ नोव्हेंबर, सकाळी ११:२५

खडकीकर, तुम्ही नेमक्या नसेवर बोट ठेवलंत. गोली हा जुगार आहे. सेंट लुईसने २०१९ चा कप बिनिंग्टनला साडेसहा लाखांत घेऊन जिंकला. मिलियन नव्हे, लाख! कोलोरॅडोचा केम्पर साडेचार मिलियनच्या करारावर, व्हेगासचा हिल २.१७५ च्या. उलट मॉन्ट्रियलने केरी प्राइसला आठ वर्षं १०.५ दिले. २०२१ ला त्याने एकट्याने संघाला अंतिम फेरीत नेलं आणि त्यानंतर गुडघ्यामुळे पाच सामने खेळला. तो करार या सप्टेंबरपर्यंत मॉन्ट्रियलच्या वहीत होता, मग सॅन होजेकडे ढकलला.

पण बॉब्रोव्स्कीलाही लोक पहिली दोन-तीन वर्षं असंच बोलत होते. २०१९ ला सात वर्षं १०-१०. लीगमधला सगळ्यात वाईट करार म्हणायचे. मग २०२४ आणि २०२५, लागोपाठ दोन कप. पण तिथे आजूबाजूला फोर्सलिंग होता, दुसऱ्या संघाने सोडून दिलेला, २०२४ ला २.६७ मिलियनमध्ये खेळणारा अव्वल डिफेन्समन. पैसे गोलीवर गेले ते तिथून भरून निघाले.

---

खतावणी | १६ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

आता बोकोबांच्या मूळ प्रश्नाकडे, काय विकू?

मॅकडेव्हिड का ठेवायचा ते सांगितलंच. मकार ९ मध्ये २०२७ पर्यंत, त्याला हात लावू नका. मॅकिनन तिशीचा, १२.६, पण करार २०३१ पर्यंत. आज ठीक, २०२९ ला डोकेदुखी. मॅथ्यूज २०२८ ला सुटतो. बॉब्रोव्स्की सदतीस वर्षांचा, उन्हाळ्यात करार संपतोय, म्हणजे तुमचे १० आपोआप मोकळे होतील. त्याला विकून काही हाती येणार नाही, वर्ष काढा.

राहिला ड्रायसायटल. गेल्या महिन्यात तिशी गाठली, १४ चा करार यंदाच सुरू झाला, आठ वर्षांचा. आज त्याची किंमत सर्वात जास्त आहे आणि इथून पुढे वयाच्या बाजूने उतरणारच. कॅप चढल्यामुळे टक्का कमी होईल हे खरं, पण १४ मिलियन आज तुमच्या अंगावर आहेत. त्याच्या बदल्यात पहिल्या कराराचा पोरगा मागा. नव्या खेळाडूचा पहिला करार तीन वर्षांचा आणि त्यावर लीगचंच झाकण असतं: सेलेब्रिनी ९ लाख ७५ हजार, बेडार्ड आणि हटसन साडेनऊ लाख. ते मोठ्यांसारखे गुण मिळवतात आणि पगार शिकाऊ उमेदवाराचा. याशिवाय तुमचा हिशेब बसणं शक्य नाही.

आणि जुन्या भल्या माणसांकडे बघा. निळं_रक्त यांच्या टवारेसने मागच्या हंगामात ३८ गोल केले आणि ११ वरून ४.३९ वर सही केली, कारण त्याला घर सोडायचं नव्हतं. तोच माणूस, तोच संघ, दर निम्म्याहून कमी.

---

निळं_रक्त | १६ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

खतावणींनी लीफ्सबद्दल एक चांगलं वाक्य लिहिलं. स्क्रीनशॉट घेतला आहे.

---

बर्फातला_बोका | १७ नोव्हेंबर, रात्री १०:१५

मंडळी, झालं! काल रात्री दोन तास व्हॉट्सअॅपवर घासाघीस केली. ब्रॅम्प्टनच्या मित्राला ड्रायसायटल दिला. त्याने आधी सेलेब्रिनी देतो म्हटलं, मग बायकोशी बोलून येतो म्हणाला, मग नाही म्हणाला (आमच्याकडे खरी जीएम कोण ते तुम्हाला कळलंच). शेवटी बेडार्डवर तोडगा निघाला. १४ गेले, ०.९५ आले. आता १४ जागांसाठी २४.१५ च्या जागी ३७.२ आहेत. डोकी २.६५! टवारेसचा सौदाही चालू आहे.

खतावणी, तुमचे पाय कुठे आहेत?

---

खतावणी | १७ नोव्हेंबर, रात्री १०:३२

ओटावात, मोज्यांत.

बोकोबा, अभिनंदन. फक्त एक विचारतो. तुमची लीग कीपर आहे ना? सेलेब्रिनीचा पहिला करार २०२७ ला संपतो. बेडार्डचा या उन्हाळ्यात संपतोय.

---

बर्फातला_बोका | १७ नोव्हेंबर, रात्री १०:३४

…

---

मिनेसोटाची_माई | १७ नोव्हेंबर, रात्री १०:४०

आजोबांना पाठवू का मिठी मारायला?